चार दिवसांचा मेळा आणि सहा आठवड्यांची भिंत

नोव्हेंबर २०२३ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा कलामेळा पहिल्यांदा भरला. पन्नासहून अधिक गॅलऱ्या तिथे आपापले बूथ थाटून चार दिवस बसल्या होत्या. दिल्लीत असा मेळा २००८ पासून भरतो. आधी ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने प्रगती मैदानात, मग ‘इंडिया आर्ट फेअर’ म्हणून ओखल्याच्या मैदानावर. मुंबईकडे जुन्या खासगी गॅलऱ्या, जे. जे. स्कूल, लिलावसंस्था आणि खरेदीदार असं सगळं असूनही तिचा स्वतःचा मेळा दिल्लीनंतर पंधरा वर्षांनी आला. आला तेव्हा त्याचं स्वागत मनापासून झालं, आणि ते योग्यच होतं. तेव्हापासून मात्र शहराच्या कलाव्यवहाराबद्दल बोलताना मेळ्याचेच आकडे पुढे केले जातात: किती गॅलऱ्या आल्या, किती माणसं आली, पहिल्याच दिवशी किती चित्रं विकली गेली. समकालीन कलेची तब्येत मोजायला ही पट्टी चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. मेळ्यात जे चार दिवस दिसतं ते घडतं दुसरीकडे. एका गॅलरीत एका कलाकाराचं काम पाच-सहा आठवडे लागतं, ते पाहायला तिकीट लागत नाही आणि त्यातलं काहीच विकलं गेलं नाही तरी गॅलरी ते उतरवत नाही. असं प्रदर्शन हा या व्यवहाराचा कणा आहे. मेळे वाढत असताना तो वाकणार नाही हे पाहणं गॅलऱ्यांचं, मेळ्यांच्या आयोजकांचं आणि प्रेक्षकांचंही काम आहे.

आधी मेळा म्हणजे काय ते नीट पाहू. त्याचा आजचा साचा युरोपातला आहे आणि फार जुना नाही. १९६७ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात हाइन श्ट्युंके आणि रुडॉल्फ झ्विर्नर या दोन गॅलरीचालकांनी १८ गॅलऱ्या एका छताखाली आणल्या. पश्चिम जर्मनीत समकालीन चित्रांना गिऱ्हाईक थोडं होतं, गॅलऱ्या वेगवेगळ्या शहरांत विखुरलेल्या होत्या आणि खरेदीदाराला एका फेरीत सगळं दाखवण्याची सोय नव्हती. ती सोय म्हणजे तो बाजार. तीनच वर्षांनी, १९७० मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात एर्न्स्ट बायलर, ट्रुडल ब्रुकनर आणि बाल्ट्झ हिल्ट यांनी ‘आर्ट बाझेल’ सुरू केला. पहिल्याच वर्षी तिथे दहा देशांतल्या ९० गॅलऱ्या आल्या आणि १६,००० माणसांनी भेट दिली. पुढे बाझेलची शाखा २००२ मध्ये मायामीला आणि २०१३ मध्ये हाँगकाँगला गेली, लंडनचा ‘फ्रीझ’ २००३ मध्ये आला, दुबईचा मेळा २००७ मध्ये. आपली दिल्लीही या जाळ्यापासून अलिप्त राहिली नाही. बाझेलच्या मेळ्याची मालक असलेल्या स्विस कंपनीने २०१६ मध्ये इंडिया आर्ट फेअरचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि २०१९ मध्ये तो दुसऱ्या परदेशी कंपनीला विकला. म्हणजे मेळा ही स्वतःच विकत घेण्या-विकण्याची मालमत्ता आहे, आणि तिचा हिशेब गॅलरीच्या हिशेबापेक्षा वेगळा चालतो.

गॅलरी मेळ्यात जाते तेव्हा ती जागा चौरस मीटरच्या दराने भाड्याने घेते. दोन-तीन तात्पुरत्या भिंती, वरचे दिवे, चित्रांचे लाकडी खोके, वाहतूक, विमा, माणसांचा प्रवास आणि राहणं असा सगळा खर्च तिचा. ही रक्कम चार दिवसांत भरून निघायची असते, त्यामुळे भिंतीच्या प्रत्येक फुटाला मोल येतं. बहुतेक गॅलऱ्या आठ-दहा कलाकारांचं एकेक, दोन-दोन काम नेतात. ते काम घरात लागेल अशा आकाराचं, लांबून ओळखू येईल अशा शैलीतलं, आधी विकल्या गेलेल्या कामाच्या जवळचं असलेलं बरं असतं. पहिला दिवस निमंत्रित खरेदीदारांचा. त्यांच्याकडे चित्रांची यादी फोनवर आधीच गेलेली असते आणि बरेचसे सौदे दारं सर्वांसाठी उघडण्याआधीच ठरलेले असतात. यात गैर काहीच नाही. बाजार बाजारासारखा चालतो. मात्र या रचनेचा कामावर परिणाम होतो, आणि तो प्रेक्षकाला दिसत नाही. पन्नास बूथ ओलांडून आलेला माणूस एका चित्रासमोर फार तर अर्धा मिनिट थांबतो. ज्या कामाला अंधार लागतो, आवाज लागतो, वीस मिनिटांची बैठक लागते किंवा पूर्ण खोली लागते, त्याला बूथमध्ये जागाच नसते. मेळ्याचे आयोजक हे जाणतात, म्हणून ते बूथबाहेर शिल्पं मांडतात, सादरीकरणं ठेवतात, व्याख्यानं ठेवतात. ते चांगलंच आहे, पण त्याने बूथचं गणित बदलत नाही.

गॅलरीतलं प्रदर्शन वेगळ्या वेळेवर चालतं. कलाकार दोन-तीन वर्षं काम करतो. गॅलरीचालक मधूनमधून स्टुडिओत जाऊन ते पाहतो, काय लावायचं आणि काय ठेवून द्यायचं यावर दोघांचं बोलणं होतं, क्वचित वादही होतात. मग पंधरा-वीस कामं एका जागेत अशी लागतात की एकामुळे दुसरं कळतं. आत शिरताना डावीकडे काय दिसतं, कोपऱ्यात कोणतं चित्र एकटं ठेवलंय, शेवटच्या भिंतीवर काय वाट पाहतंय, या सगळ्यातून कलाकाराच्या डोक्यात दोन-तीन वर्षं काय चाललं होतं ते उलगडतं. फसलेलं कामही तिथे टांगलेलं असतं, आणि पुढच्या प्रदर्शनात तो कुठे वळला हे त्या फसलेल्या कामावरून समजतं. विक्री झाली तर सर्वसाधारणपणे निम्मा वाटा गॅलरीचा. झाली नाही तर सहा आठवड्यांचं भाडं, वीज, छपाई हा तिचा तोटा. हा तोटा सोसण्याची तयारी असल्यामुळेच मुंबईत काय काय होऊ शकलं, ते थोडं तपशिलाने पाहायला हवं.

केकू गांधी यांचा मूळ धंदा चौकटींचा, म्हणजे फ्रेम बनवण्याचा. चाळीसच्या दशकात प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात ते तरुण चित्रकारांची चित्रं लावत. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्ये स्थापन झाला तेव्हा सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांची चित्रं-शिल्पं विकत घेणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. १९६३ मध्ये केकू आणि खुर्शीद गांधी यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. त्याच वर्षी काली पंडोल यांनी फ्लोरा फाउंटनजवळ ‘पंडोल’ सुरू केली. आज कोटींच्या बोली लागणारी बरीच नावं या दोन लहान जागांमध्ये, गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसताना, पुन्हा पुन्हा टांगली गेली.

१९७५ मध्ये याच केमोल्डमध्ये जिव्या सोमा मशे यांची चित्रं लागली. वारली चित्र तोपर्यंत लग्नाच्या चौकाचं, बायकांनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढायचं आणि विधी संपला की विसरायचं चित्र होतं. डहाणूजवळच्या गंजाड गावातले मशे रोज, विधीशिवाय, स्वतःच्या मनाने चित्रं काढत होते. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांना कागद पुरवला आणि त्यांचं काम मुंबईच्या गॅलरीच्या भिंतीपर्यंत आणलं. हे चित्र लोककला म्हणून एखाद्या सरकारी एम्पोरियममध्ये, वस्तूंच्या ढिगात, ठेवणं सोपं होतं. गॅलरीने ते एका माणसाचं, नाव असलेल्या कलाकाराचं काम म्हणून दाखवलं. पुढे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘मॅजिशियन्स ऑफ द अर्थ’ या गाजलेल्या प्रदर्शनात मशे होते आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारलीचं नंतर कुर्त्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर जे झालं त्याबद्दल तक्रार करायला भरपूर जागा आहे. पण त्या गर्दीतही मशे यांची रेषा वेगळी ओळखता येते, याचं श्रेय त्यांना एकट्याला, पूर्ण भिंत देऊन दाखवण्याच्या त्या निर्णयाला जातं.

त्याहून ठळक उदाहरण १९९२ चं. नलिनी मलानी यांनी केमोल्डमध्ये ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे प्रदर्शन केलं. त्यांनी गॅलरीच्या भिंतींवर थेट चित्रं काढली. प्रदर्शन पंधरा दिवस चाललं आणि मग भिंतींना पांढरा रंग मारण्यात आला. राजस्थानातल्या नाथद्वारा इथली जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षामुळे नष्ट होत होती, त्याकडे लक्ष वेधण्याचा तो एक मार्ग होता. स्वतःचं काम पुसून टाकून त्यांनी नाश म्हणजे काय ते डोळ्यांसमोर उभं केलं. या प्रदर्शनात गिऱ्हाइकाने घरी न्यावं असं भिंतीवर काही नव्हतं. एका खासगी, विक्रीवर जगणाऱ्या गॅलरीने आपली जागा, आपले दिवस आणि आपल्या भिंती अशा कामासाठी दिल्या की ज्याचा शेवटच मुळी चुन्याच्या हातात होता. भारतातल्या मांडणशिल्पाच्या इतिहासात हे काम सुरुवातीच्या टप्प्यावर येतं. मलानी यांना पुढे जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला, जगभरच्या संग्रहालयांत त्यांची कामं गेली. परंतु १९९२ मध्ये यातलं काहीही ठरलेलं नव्हतं. त्याच जागेत १९९६ मध्ये रुमाना हुसेन यांनी ‘होम/नेशन’ हे मांडणशिल्प केलं. बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतरच्या काळात एका मुस्लिम स्त्रीने आपलं घर आणि आपला देश यांच्याबद्दल केलेलं ते विधान होतं, आणि तेही बूथमध्ये मावणारं नव्हतं.

अलीकडचं उदाहरण प्रभाकर पाचपुते यांचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा, कोळसा खाणीत काम केलेल्या घरातला हा चित्रकार. २०१२ मध्ये कुलाब्यातल्या ‘क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह’ या कलाकारांनी आणि क्युरेटरांनी चालवलेल्या जागेत त्यांचं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे पहिलं एकल प्रदर्शन झालं. कोळशाने थेट भिंतीवर काढलेली माणसं, डोक्याच्या जागी दिवे आणि अवजारं, खणलेली जमीन. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला शेतजमिनी खाणीत गेल्यावर माणसांचं काय झालं, हे मराठी कादंबरीत आणि पत्रकारितेत जेवढं आलं त्याहून वेगळ्या ताकदीने त्या भिंतींवर आलं. २०२१ मध्ये कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कारासाठी निवडलेल्या सहा कलाकारांत पाचपुते होते आणि तो पुरस्कार सहाही जणांना विभागून मिळाला. आज त्यांचं काम मेळ्यांमध्येही दिसतं आणि त्याचा आनंदच आहे. पण मेळ्याने त्यांना शोधलं नाही. त्यांना शोधलं ते एका छोट्या, पैशाने तोकड्या जागेने, जिला भिंत काळी होण्याची भीती नव्हती.

हे सगळं करणं खरं तर सार्वजनिक संग्रहालयाचं काम. इथे विषय मुंबईच्या दुखऱ्या जागेवर येतो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ मध्ये कावसजी जहांगीर हॉलमध्ये सुरू झाली, म्हणजे केमोल्ड आणि पंडोल यांच्यानंतर तेहतीस वर्षांनी. तिथे मोठी सिंहावलोकनं झाली, चांगली झाली. परंतु कोणाचं प्रदर्शन करायचं हे ठरवणाऱ्या स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या आणि निर्णय दिल्लीकडे गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांच्या ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर नेमकं हेच बोलत होते, तेव्हा त्यांना भाषण मधेच आवरायला सांगण्यात आलं. बरवे यांच्यासारख्या चित्रकाराच्या, ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिणाऱ्या माणसाच्या प्रदर्शनात हे घडलं, याचं दुःख मराठी प्रेक्षकाला जास्त व्हायला हवं. महापालिकेच्या मालकीच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने पुनरुज्जीवनानंतर समकालीन कलाकारांना बोलावून, जुन्या वस्तूंच्या शेजारी त्यांची कामं मांडून एक वेगळी वाट दाखवली. अशा जागा आणखी असत्या तर गॅलऱ्यांवर एवढा भार पडला नसता.

जहांगीरचा विचार इथे स्वतंत्रपणे करायला हवा, कारण बहुसंख्य मराठी माणसांसाठी ‘आर्ट गॅलरी’ म्हणजे जहांगीर. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ती १९५२ मध्ये उभी राहिली. दुर्गा बाजपेयी या वास्तुविशारदाची ती वास्तू, तिचं ते पुढे आलेलं लहरदार छत, आणि मुख्य म्हणजे तिचं विनामूल्य, फुटपाथला लागून असलेलं दार. कोल्हापूरचा, नागपूरचा, लातूरचा चित्रकार दालनाच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबतो, भाडं भरतो, चित्रं ट्रेनने आणतो आणि आठवडाभर तिथे उभा राहतो. भूपेन खख्खर यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९६५ मध्ये इथेच झालं. देवादिकांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवून केलेली ती कामं तेव्हाच्या सुसंस्कृत अभिरुचीला रुचणारी नव्हती. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचं सिंहावलोकन केलं. जहांगीरचं दार सर्वांसाठी उघडं आहे, हा तिचा मोठा गुण. तिची मर्यादा अशी की तिथे कलाकार एकटा पडतो. दालन मिळतं, पण दोन प्रदर्शनांच्या मधली तीन-चार वर्षं त्याच्या सोबत चालणारं कोणी नसतं. भाडं, फ्रेम, छपाई, वाहतूक सगळं त्याच्या खिशातून जातं, आणि आठवडा संपला की दुसऱ्या दिवशी भिंतीवर दुसऱ्याची चित्रं लागतात. निवड करणारी, जोखीम वाटून घेणारी गॅलरी हे जे करते ते जहांगीरला तिच्या रचनेमुळे करता येत नाही. शहराला दोन्ही लागतात.

आता विरोधी मुद्दे. पहिला मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. गॅलरीचं दार उघडं असलं तरी सामान्य माणूस त्यातून आत जात नाही. फोर्टमधल्या जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लिफ्ट, काचेचं दार, आत शांतता, टेबलामागे बसलेली एक व्यक्ती आणि भिंतीवर इंग्रजीतलं अवघड निवेदन. ज्याला यातलं काही सवयीचं नाही त्याला आपण चुकून आलो असंच वाटतं. मेळ्यात गर्दी असते आणि गर्दीत कोणी कोणाकडे बघत नाही. कॉलेजची मुलं, घरासाठी पहिलं चित्र शोधणारं जोडपं, नुसती हौशी माणसं तिथे मोकळेपणाने फिरतात. ही गोष्ट खरी आहे आणि गॅलऱ्यांनी ती तक्रार म्हणून नव्हे, आपल्यावरचा आरोप म्हणून ऐकायला हवी. साठ वर्षं मुंबईत राहून प्रदर्शनाचं निवेदन मराठीत लावण्याची सवय आपल्या गॅलऱ्यांना लागली नाही. वारली चित्रकाराच्या, चंद्रपूरच्या खाणींवरच्या चित्रांच्या शेजारी मराठीत चार ओळी नसाव्यात याला कोणतंही समर्थन नाही. याचं उत्तर मात्र मेळा हे नाही. मेळ्याला तिकीट असतं, तो चार दिवसांत संपतो आणि तिथे भीती जात असली तरी पाहण्याची सवय लागायला वेळ मिळत नाही. २०१२ पासून होणारा ‘मुंबई गॅलरी वीकेंड’ याच अडचणीवर गॅलऱ्यांनी स्वतः शोधलेला मार्ग आहे. ठरावीक दिवशी सगळ्या गॅलऱ्या एकदम नवी प्रदर्शनं उघडतात, उशिरापर्यंत चालू ठेवतात, माणसं एकीतून दुसरीत चालत जातात. गर्दीचा धीर आणि प्रदर्शनाचा सलगपणा दोन्ही त्यात मिळतात. गोव्यात २०१६ पासून पणजीत भरणारा ‘सेरेंडिपिटी’ महोत्सव हेही चांगलं उदाहरण. तिथे विक्रीचे बूथ नाहीत, क्युरेटरांनी रचलेली प्रदर्शनं आहेत, आणि गोव्याची माणसं सहकुटुंब ती पाहायला जातात. म्हणजे मोठ्या संख्येने लोक यावेत यासाठी प्रदर्शनाचं बूथ करावंच लागतं असं नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. मेळ्यात विक्री होते आणि त्या विक्रीवरच वर्षभराची न विकली जाणारी प्रदर्शनं चालतात, मग मेळ्याला नावं का ठेवायची? काही गॅलऱ्यांच्या बाबतीत हे तंतोतंत खरं आहे. जागतिक पातळीवर कोविडच्या आधीच्या वर्षांत गॅलरीचालकांच्या विक्रीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग मेळ्यांतून येत होता. पण याच आकड्याची दुसरी बाजू आहे. मोठ्या गॅलरीकडे विकायला महागडी कामं असतात, तिचा बूथचा खर्च पहिल्या तासात निघतो. छोट्या गॅलरीची कामं स्वस्त असतात, जागेचं भाडं मात्र तेवढंच. तरुण कलाकार शोधण्याची जोखीम छोट्या गॅलरीने घ्यायची आणि मेळ्याच्या खर्चाचा फटकाही तिनेच जास्त सोसायचा, असं हे गणित बसतं. हे मेळ्यांच्या विरोधकांनी शोधून काढलेलं नाही. कोलोनचा पहिला बाजार भरवणाऱ्या रुडॉल्फ झ्विर्नर यांचा मुलगा डेव्हिड झ्विर्नर आज जगातल्या सर्वांत मोठ्या गॅलऱ्यांपैकी एक चालवतो. २०१८ मध्ये त्यानेच जाहीरपणे सुचवलं की मोठ्या गॅलऱ्यांनी मेळ्याचं भाडं जास्त भरावं आणि छोट्यांचा भार हलका करावा. आर्ट बाझेलने त्यानंतर चौरस मीटरचा दर जागेच्या आकाराप्रमाणे चढता केला. दिल्ली-मुंबईच्या मेळ्यांत या प्रश्नाची चर्चा अजून पुरेशी उघडपणे होत नाही. व्हायला हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रं आणि शिल्पांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याने खरेदीदाराला दिलासा मिळाला. प्रदर्शन भरवणाऱ्याला मिळाला असं म्हणता येत नाही, कारण मलानींच्या पुसलेल्या भिंतीवर कर नव्हताच आणि उत्पन्नही नव्हतं.

पैशाच्या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे, ती वेळेची, आणि इथे गायतोंडे यांचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करत. मधले महिने ते विचार करत, बसत, कोऱ्या कॅनव्हासकडे पाहत. २०१३ मध्ये ख्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकन झालं. आता असं समजा की असा एखादा चित्रकार आज चाळिशीत आहे. त्याच्या गॅलरीला फेब्रुवारीत दिल्ली, वसंतात दुबई आणि हाँगकाँग, जूनमध्ये बाझेल, ऑक्टोबरात लंडन, नोव्हेंबरात मुंबई असं वर्ष काढायचं आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं एक ताजं काम हवं आहे. त्याची सगळी वर्षाची कमाई सहा बूथमध्ये, सहा शहरांत, सहा घरांत जाईल. पैसा येईल, नाव होईल. पण ती सहा चित्रं एका खोलीत कधीही एकत्र लागणार नाहीत, त्यांच्यात काय चाललंय हे कोणाला दिसणार नाही, कदाचित चित्रकारालाही नाही. मेळ्यामुळे वाईट चित्रं काढली जातात, असं माझं म्हणणं नाही. चांगली चित्रं एकमेकांपासून तुटतात, आणि कलाकाराला स्वतःच्या कामासमोर उभं राहून ‘आता पुढे काय’ हे विचारायची जागा उरत नाही, हे माझं म्हणणं आहे.

तिसरा आक्षेप असा की गॅलरी हीसुद्धा शेवटी दुकानच, मग तिच्यात सार्वजनिक कामाचे गुण कशाला शोधायचे? केमोल्डने मशे दाखवले तेव्हा चित्रं विकलीही, पंडोल यांनी हुसेन दाखवले तेव्हा विकलेही. बरोबर आहे. गॅलरीचालक परोपकारी होते असा दावा कोणी करू नये, त्यांच्या निवडीत ओळखी होत्या, वर्ग होता, कित्येक चांगले मराठी चित्रकार त्या दारांबाहेर राहिले. तरीही दुकान आणि दुकान यांत फरक असतो. पेरणी करणारा आणि बाजारसमितीत कापलेलं पीक लिलावाला लावणारा, दोघांनाही धान्याचेच पैसे मिळतात, पण दुष्काळात शेत कोणाचं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. २००८ च्या जागतिक मंदीत भारतीय समकालीन कलेचे भाव कोसळले तेव्हा हे दिसलं. तेजीत आलेले गुंतवणूकदार आणि कलानिधी निघून गेले. पडत्या काळातही प्रदर्शनं लावत राहिल्या त्या गॅलऱ्या, आणि मागच्या दशकात जी नावं मोठी झाली ती बऱ्याच अंशी त्या प्रदर्शनांतून आली. ‘आर्ट मुंबई’च्या संस्थापकांत ‘सॅफरनआर्ट’ या लिलावसंस्थेचे दिनेश आणि मीनल वझिरानी आहेत. लिलावात आधीच नाव झालेलं काम फिरून विकलं जातं. म्हणून ज्यांना लिलावाचा अनुभव आहे त्यांनी मेळ्यात पहिल्यांदा दाखवल्या जाणाऱ्या कामाची जास्त काळजी घ्यावी, अशी अपेक्षा रास्त आहे.

मग करायचं काय? मेळे बंद करा असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. काही गोष्टी मात्र फार खर्च न करता होऊ शकतात. मेळ्यात एका बूथमध्ये एकाच कलाकाराचं काम लावणाऱ्या गॅलरीला भाड्यात भरीव सवलत द्यावी. जगातल्या कित्येक मेळ्यांत एकल बूथचे विभाग आहेत, आपल्याकडे ते वाढायला हवेत. बूथचा दर लहान जागेला कमी आणि मोठ्या जागेला जास्त, असा चढता असावा. मेळ्याच्या आठवड्यात शहरातल्या गॅलऱ्यांमध्ये जी प्रदर्शनं चालू असतात त्यांचा नकाशा प्रत्येक तिकिटाबरोबर द्यावा, मराठीतही द्यावा, आणि रेसकोर्सवरून कुलाब्याला, फोर्टला, बलार्ड इस्टेटला जायला बस ठेवावी. गॅलऱ्यांनी प्रत्येक प्रदर्शनाचं निवेदन मराठीत लावावं. चांगलं मराठी लिहू शकणारे कलासमीक्षक या शहरात आहेत, त्यांना मानधन देऊन लिहून घ्यावं. महाराष्ट्र शासनाने राज्य कला प्रदर्शनापुरतं न थांबता दरवर्षी गॅलऱ्यांतल्या एकल प्रदर्शनांमधून काही कामं विकत घ्यावीत, स्थानिक कलाकारांच्या समितीच्या निवडीने घ्यावीत आणि ती चंद्रपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी फिरवावीत. पाचपुतेंनी काढलेली खाण सास्तीच्या माणसांना बघायला मुंबईला यावं लागू नये.

बूथ उभारायचे, चित्रं निवडायची आणि याद्या पाठवायच्या हे सगळं काम मेळ्याच्या आधीचे दोन-तीन महिने चालतं. याच काळात बहुतेक गॅलऱ्या एक गोष्ट ठरवतात: एखाद्या कलाकाराचं ताजं काम मेळ्यासाठी राखून ठेवायचं की त्याच्या पुढच्या प्रदर्शनात लावायचं. आयोजकांनी, खरेदीदारांनी आणि गॅलरीचालकांनी या एका निर्णयाबद्दल एकत्र बसून बोलावं, आणि शक्य तिथे प्रदर्शनाचा कौल द्यावा. खरेदीदाराकडेही इथे मोठी ताकद आहे. मेळ्यातल्या बूथवर नवं चित्र मागण्याऐवजी त्याने गॅलरीला विचारावं की या कलाकाराचं पुढचं प्रदर्शन कधी आहे, आणि त्या प्रदर्शनातलं काम प्रदर्शन संपल्यावरच उचलावं, सहाही आठवडे भिंतीवर राहू द्यावं.